दोन दमांची हाक

"वाटेत सुटू नये आणि पोचल्यावर अडू नये, तिला गाठ म्हणायची. बाकी सगळा गुंता."

हे दोरमामांचं ठरलेलं बोलणं होतं. ट्रकवर माल बांधताना ते हे बोलत, बुटाची नाडी बांधणाऱ्या माणसाला थांबवून ऐकवत, आणि ऐकायला कुणीच नसलं तर दोराला ऐकवत. लेकीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांनाही हेच ऐकवलं होतं. व्याही बिचारे उरलेला सगळा वेळ त्याचा अर्थ लावत कोपऱ्यात बसले होते.

माणूस अंगानं बारका, पण जुन्या मुळासारखा चिवट. उजव्या खांद्यावर दोराचं वेटोळं कायम. ते नसलं तर मामा डाव्या अंगाला कलून चालायचे, तराजूचं एक पारडं रिकामं राहावं तसे. मालाच्या तळावर त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. दोरमामा म्हटलं की झालं, आणि त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी.

तळ म्हणजे एक मोठं मोकळं आवार. एका अंगाला गोदामं, दुसऱ्या अंगाला वजनकाटा, आणि मधे ट्रक उभे. हमाल माल चढवायचे, वर ताडपत्री पसरायचे, आणि मग सगळे बाजूला होऊन म्हणायचे, "मामा, आता तुमचं." दोर ट्रकच्या एका बाजूनं वर जाई, मालावरून पलीकडे उतरे, आणि पलीकडे एक माणूस तो ओढायला उभा असे. मामा अलीकडे, तो पलीकडे, मधे मालाचा डोंगर. इतकी वर्षं हा माणूस पलीकडेच उभा राहिला म्हणून त्याचं नावच पलीकडचा पडलं. कामाच्या वेळी दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. पण दोराला हात लावला की पलीकडच्याला मामांची तब्येत कळायची.

त्यांची कामाची रीत साधी होती, पण दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. मामा ताडपत्रीच्या कडेवर डोळा ठेवून हाक द्यायचे, "घेऽऽऽ!" ती हाक जितकी लांबेल तितका वेळ पलीकडच्यानं ओढायचं. हाक थांबली की हात थांबवायचा आणि दोर अडकवायचा. काचसामानाच्या खोक्यांना आखूड हाक लागे, लाकडाच्या फळ्यांना मध्यम, आणि कापसाच्या गठ्ठ्यांना लांबच लांब, कारण कापूस दबत दबत बसतो. दोराचा ताण असा मामांच्या छातीत मोजला जायचा. छातीत हवा भरून ते उभे राहिले की हमाल बोलायचे थांबत.

ही हाक आवाराच्या भिंतीवरून पुढच्या गल्लीत मामीच्या टेबलापर्यंत पोचायची. घराच्या दारात मामीचं इस्त्रीचं टेबल होतं. गल्लीतले शर्ट, गणवेश, चादरी तिच्या हाताखालून जात. इतक्या वर्षांत तिच्या हाताला एक खोड लागली होती. मामांची हाक सुरू झाली की तिची इस्त्री शर्टाच्या पाठीवर चालू लागायची आणि हाक संपली की थांबायची. एका हाकेत एक पाठ. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "छे, काहीतरीच."

दुपारी मामा जेवायला येत, आणि जेवण झालं की टेबलामागच्या बाकावर आडवे होत. पाठ टेकली की घोरणं सुरू. त्या घोरण्यानं कपाटावरची डबी हलायची. गिऱ्हाईक विचारायचं, "मामी, आत पिठाची गिरणी टाकली का?" मामी म्हणायची, "टाकली, पण पीठ काही मिळत नाही, नुसता आवाज." संसार सुरू झाल्यापासून ती या घोरण्याला कंटाळली होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

एके दुपारी शाळेच्या मास्तरांचा पांढरा शर्ट टेबलावर होता. तळावर लाकडाच्या फळ्या चढल्या होत्या. हाक सुरू झाली, इस्त्री चालू लागली, आणि पाठीच्या निम्म्यावर हाक तुटली.

संपली असती तर वेगळं. ही तुटली होती, चालत्या माणसाचा पाय खड्ड्यात जावा तशी. मामी ऐकत राहिली. शर्टातून धूर निघाला तेव्हा ती भानावर आली, आणि इस्त्री उभी करून तशीच तळाकडे धावली.

झालं होतं ते असं. शेवटचा ताण देण्यासाठी मामा दोरात एक लाकडी दांडका घालून त्याला पीळ देत. पीळ भरत आला होता, हाक चालू होती, आणि घामानं ओल्या झालेल्या हातातून दांडका निसटला. भरलेला पीळ उलटा फिरला आणि दांडका गरकन येऊन मामांच्या उजव्या छातीवर, काखेच्या खाली, बसला. मामा दोन पावलं मागं गेले आणि चाकाला टेकून खाली बसले. तोंड उघडं होतं, पण आत काही जाईना आणि बाहेर काही येईना.

मामी पोचली तेव्हा हमाल त्यांच्याभोवती जमले होते, आणि ट्रकच्या पलीकडून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, "अरे काय झालं? कुणी सांगाल का? मामा!"

"भाऊजी, इकडे या ना!" मामी ओरडली.

"कसा येऊ वहिनी? दोर माझ्या हातात आहे! हाक संपली नाही, तुटली! आता अडकवू की धरू?"

तेव्हा मामांना हसू आलं, आणि हसू येताच त्यांनी छाती धरून डोळे मिटले. हसणं एवढं दुखू शकतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दवाखान्यात न्यायला तळाच्या मुकादमानं गाडी काढली होती, पण मामा चालत घरी गेले. हात छातीला धरून, आखूड पावलं टाकत. घरी येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "आत फळी तडकली आहे. फळी तडकली की काय करतात? आवळून बांधतात. तो रुंद पट्टा काढ."

तो पट्टा तळावरचा होता. कपाटं, आरसे असलं नाजूक सामान बांधायला वापरायचा, जाड सुती, वीतभर रुंद. मामीनं तो त्यांच्या छातीभोवती गुंडाळला.

"ओढ."

"दुखेल हो."

"ओढ म्हणतो ना. गुडघा लाव पाठीला. अगं, धुण्याचं गाठोडं बांधतेस का? माल आहे हा माल!"

मामीनं पाठीला गुडघा लावून ओढलं. मामांच्या कपाळावर घाम आला, पण पट्टा बसला तसं दुखणं खरंच कमी झालं. शेवटची गाठ मामांनी स्वतःच्या हातानं छातीवर मारली आणि तिच्यावर टिचकी मारून म्हणाले, "आता हलत नाही काही. बघ, चार दिवसांत उभा राहतो."

पट्ट्याच्या आत ते खरोखर निवांत होते. हललं तरच दुखायचं, म्हणून ते हलेनात. मोठा श्वास घेतला तरच टोचायचं, म्हणून मोठा श्वास घेईनात. चिमणी पाण्याला चोच लावते तसे वरवरचे श्वास घेऊन बसून राहत. खोकला आला की आवंढा गिळून तो खाली ढकलत. पलीकडचा संध्याकाळी भेटायला आला आणि मुकादमाची नक्कल करू लागला, तर मामांनी हात जोडले. "हसवू नको लेका, पाया पडतो. हसू परवडत नाही."

दुपारी ते बाकावर टेकून बसायचे, पण घर शांत असायचं. मास्तर आपल्या जळलेल्या शर्टाची चौकशी करायला आले होते, तेही म्हणाले, "काय मामी, गिरणी बंद?"

मामी हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. इतकी वर्षं ज्या आवाजाला ती नावं ठेवत होती, तो चार दिवस झाला नव्हता हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत गेली आणि मामांकडे बघत उभी राहिली. मामांचे डोळे मिटलेले होते. छाती पट्ट्यात गप्प होती. हलत होता तो फक्त गळ्याखालचा खळगा, आत-बाहेर, आत-बाहेर, घाईघाईनं. नाकपुड्या फुलत होत्या. तिनं कपाळाला हात लावला. कपाळ तिच्या इस्त्रीसारखं तापलं होतं, आणि ओठांचा रंग जांभळट झाला होता.

"अहो, उठा. दवाखान्यात जायचं."

"उद्या... बघू."

"उद्या तुम्ही बघाल. मी आज बघते आहे." एवढं बोलून ती रस्त्यावर आली आणि तळाच्या दिशेनं तिनं जी हाक मारली, ती ऐकून पलीकडचा म्हणे हातातला दोर टाकून धावला. मामीची असली हाक तळावर कुणी कधी ऐकली नव्हती.

दवाखान्याच्या खोलीत पांढऱ्या चादरीचा लोखंडी पलंग होता आणि खिडकीत एक कळकट पंखा. सिस्टर धिप्पाड बांध्याची, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणारी बाई होती. तिनं मामांचा शर्ट काढला आणि पट्टा पाहून कात्री उचलली.

मामांनी दोन्ही हातांनी गाठ धरली. "कात्री लावायची नाही. तळाचा पट्टा आहे."

"मग सोडते."

"सोडायचाही नाही." श्वास पुरत नव्हता, म्हणून ते तुटक तुटक बोलत होते. "आत सगळं... मोकळं झालंय. सोडलं तर... विखुरलं जाईल. माल हलला की... फुटतो, सिस्टर."

"काका, माल श्वास घेत नाही. तुम्हाला घ्यायचाय."

मामा ऐकेनात. त्या बोटांत नुसती भीती होती. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले, पलीकडचा चुळबुळत होता, आणि सिस्टर हातातली कात्री उघडत-मिटत होती. ज्या माणसानं कधी कुठला ट्रक बांधायला नाही म्हटलं नाही, त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. मामीला आपला गुडघा आठवला, त्यांच्या पाठीला लावलेला. ती पलंगाशी वाकली.

"अहो, गाठ कशाला म्हणायचं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं.

"जन्मभर मला ऐकवलंत ना? वाटेत सुटू नये. नाही सुटली. मान्य. आणि पुढं काय?"

मामांची बोटं गाठीवरच होती.

"पोचलो आपण," मामी म्हणाली. "हा दवाखाना. आता तिला अडू देऊ नका."

मग मामांचं एक बोट हललं, गाठीच्या मोकळ्या टोकापाशी गेलं, आणि त्यांनी ते ओढलं. एवढी आवळलेली गाठ, एका झटक्यात उलगडली. खरी गाठ होती ती. पट्टा सैल होताच छाती आपसूक वर उचलली गेली, आणि मामांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यामागून इतके दिवस गिळलेला खोकला एकदम आला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून पाहिला आणि समजावून सांगितलं. तीन फासळ्या मोडल्या होत्या. त्यांचं एवढं काही नव्हतं. पण छाती आवळल्यामुळे फुफ्फुसाचा खालचा भाग उघडलाच नव्हता. तिथं कफ साचून न्यूमोनिया झाला होता, आणि बाहेरच्या बाजूला थोडं रक्तही जमलं होतं. "हात मोडला तर बांधतात, काका. फासळ्यांना बांधायचं नसतं. त्या श्वास घेता घेताच जुळतात. दुखणं औषधानं कमी करू. श्वास कमी करून दुखणं कमी करायचं नाही."

मामीनं हळूच सांगितलं की पट्टा तिनंच ओढला होता. सिस्टर म्हणाली, "आमच्याकडे कुणी ना कुणी बांधून येतंच हो. आणि तुम्हीच आणलंत ना त्यांना? मग?" आणि चष्मा शोधू लागली.

मामांच्या बरगड्यांमधून एक नळी घातली, ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडली. नळी जागेवर राहावी म्हणून डॉक्टरांनी कातडीला टाका घालून गाठ मारली. ताप उतरून जरा हुशारी आली तसं मामांनी त्या गाठीकडे मान वाकडी करून पाहिलं. "ही काही गाठ नाही," ते म्हणाले. "रात्रीत सुटेल." सकाळी सिस्टरनं मुद्दाम गाठ दाखवली. जागच्या जागी होती. नळी काढायच्या दिवशीपर्यंत ती तसूभर हलली नाही, आणि काढताना एका चिमटीत सुटली. मामा मग दिवसभर त्या विषयावर बोलले नाहीत.

पण नळीतलं पाणी त्यांना आवडायचं. मामांनी श्वास आत घेतला की ते वर चढे, सोडला की उतरे. आयुष्यभर छातीतल्या हवेवर पोट भरलेला माणूस आपला श्वास पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होता. मामी शेजारी स्टुलावर बसून तेच बघायची. बराच वेळ दोघं काही न बोलता त्या पाण्याकडे बघत बसत, नदीकाठी बसल्यासारखी.

मग सिस्टरनं एक खेळणं आणून दिलं. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक चेंडू. तोंडानं हवा आत ओढायची की चेंडू वर चढतात. मामांनी ओढलं. पहिला चेंडू उडाला, दुसरा जरा थरथरला, तिसरा ढिम्म.

"तिसऱ्याला काय झालं?" मामीनं विचारलं.

"तो जावयासारखा आहे," मामा म्हणाले. "बसला की उठत नाही."

हसताना दुखलं, पण यावेळी ते हसले. खोकायचं कसं तेही सिस्टरनं शिकवलं. उशी छातीशी कवटाळायची आणि तिच्यावर दाब देऊन खोकायचं. "एका दमात सगळं काढायला जाऊ नका, काका. थोडं खोका. थांबा. श्वास घ्या. मग राहिलेलं. घाई कुणाला आहे?"

"मला आहे," मामा म्हणाले. "कापसाचा हंगाम येतोय."

घरी आले तेव्हा चेंडूंचं खेळणं आणि उशी दोन्ही बरोबर होती. मामा गल्लीच्या नळापर्यंत चालत, मग कोपऱ्यापर्यंत, मग तळाच्या फाटकापर्यंत. दुसरा चेंडू वर राहू लागला. तिसराही एखाद्या वेळी जागचा उठून पाहायचा आणि परत बसायचा. दुखणं ओसरत गेलं. फक्त दुपारी बाकावर ते पडत तेव्हा घर शांतच असायचं, आणि मामी इस्त्री करता करता उगीच कान देऊन राहायची.

फाटकापर्यंत पाय पोचले त्या दिवशी मुकादम भेटला. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, जागा तुमचीच आहे. पण हाक पुरली पाहिजे. अर्ध्यात तुटली तर पलीकडचा कशावर ओढणार? कापूस ढिला बांधून घाटात पाठवता येत नाही. पाहा एकदा. नाहीच जमलं तर फाटकावरची खुर्ची आहे."

फाटकावरच्या खुर्चीत पूर्वी एक म्हातारा बसायचा. येणाऱ्या ट्रकला हात वर करायचा, जाणाऱ्या ट्रकला हात वर करायचा, आणि मधल्या वेळात डुलक्या घ्यायचा. मामा त्याला "बांधून ठेवलेला" म्हणायचे.

कापसाचा पहिला ट्रक भरला त्या सकाळी मामा दोर घेऊन गेले. मामीनं मुद्दाम एक मोठा शर्ट टेबलावर अंथरला. हाक आली. इस्त्री निघाली. खांद्यापासून सुरू झाली, मधोमध आली, आणि हाक तिथंच विरून गेली. मामीनं इस्त्री उभी केली आणि थांबली. पुन्हा हाक आली, पुन्हा तिथंच विरली. तिसऱ्यांदा आलीच नाही.

मामा घरी आले तेव्हा खांद्यावर दोर नव्हता. डावीकडे कलून चालत होते. बाकावर बसले आणि म्हणाले, "खुर्ची चांगली आहे तशी. पाठ आहे तिला. डोक्यावर छप्पर आहे."

"हो का?" मामी म्हणाली. "मग मेलेल्या माणसासारखं तोंड का केलंय?"

"मग काय करू? गाऊ?"

तेवढ्यात पलीकडचा दारात आला. घामानं निथळत होता. "वहिनी, पाणी द्या. मुकादमानं उभ्या केलेल्या नव्या गड्यानं उरलेला ट्रक बांधला. हाक देतो की शेळ्या वळतो, देव जाणे. 'हां हां चल चल बस बस.' मी कशावर ओढू? दोर मला विचारतो, मामा कुठंय."

"दोर बोलायला लागला का तुझ्याशी?" मामा म्हणाले.

"तू बोलत नाहीस तर काय करेल बिचारा?"

मामीनं पाणी दिलं, चहा टाकला. मामांना खोकला आला. त्यांनी सवयीनं उशी ओढून छातीशी धरली, थोडं खोकले, थांबले, सावकाश श्वास भरून घेतला, आणि राहिलेलं खोकले. मामी चहाचं भांडं हातात धरून बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "खोकला दोन दमांत काढता. मग हाक का नाही?"

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुला त्यातलं कळत नाही. हाक थांबली की हा हात थांबवून दोर अडकवतो. संपलं. अर्ध्यात अडकवलेला दोर परत ताणता येत नाही. मी श्वास घेईपर्यंत तो नुसता धरून ठेवणार कोण?"

"मी," पलीकडचा म्हणाला. "मी काय पलीकडे कान कोरत उभा असतो?"

"आणि मला कसं कळणार तू धरलायस का अडकवलायस? तू दिसतोस का मला?"

"ओरडून सांगेन. धरलाय म्हणून."

मामा त्याच्याकडे बघतच राहिले. "इतक्या वर्षांत दोर ओढताना तू कधी ओरडला नाहीस."

"तू कधी गप्प बसलास?"

मामांनी चहा संपवला, पेला खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. शेवटी मनातलं बाहेर आलं. "लोक म्हणतील मामाची हाक तुटली. दुसऱ्याच्या आवाजावर बांधतो म्हणतील."

"लोक तुम्हाला गिरणी म्हणतात," मामी म्हणाली. "तेव्हा नाही वाईट वाटलं?"

दुसऱ्या सकाळी मामा दोर आणायला गेले. मामीनं टेबलावर कुणाचा शर्ट घेतला तेही पाहिलं नाही. इस्त्री तापली होती. तळावर शांतता झाली, हमाल बोलायचे थांबले की होते तशी. मग हाक आली, "घेऽऽऽ!" इस्त्री निघाली. पाठीच्या मध्यावर हाक हळूहळू खाली आली, आणि ती पुरती विरायच्या आत पलीकडून दुसरा आवाज उठला, चिरका, फाटका, गंजलेल्या फाटकासारखा, "धरलाऽऽय!" असला आवाज त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मामी इस्त्री उचलून उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की तीही श्वास भरून घेते आहे. मग पुन्हा मामांची हाक आली, पहिलीपेक्षा भरदार, "घेऽऽऽ!" आणि इस्त्री खालच्या कडेपर्यंत गेली.

तिनं शर्ट उचलून उजेडात धरला. पाठ सपाट होती.

तो ट्रक घाट उतरून गेला. ड्रायव्हर परत आला तेव्हा काटा ओलांडता ओलांडता त्यानं खिडकीतून मान काढून विचारलं, "मामा, तब्येत बरी ना?" एवढंच. मामांना तेवढं पुरलं. माल वाटेत सुटला असता तर ड्रायव्हरनं तब्येत विचारली नसती, भलतंच काहीतरी विचारलं असतं. मुकादमानं नव्या गड्याला गोदामात वळवलं. फाटकावरच्या खुर्चीत एक मांजर बसायला लागलं.

तळावर दोघांची थट्टा झाली, नाही असं नाही. हमाल एकमेकांना पाण्याची बादली देतानाही "धरलाऽऽय" ओरडायचे. मामा पहिल्यांदा चिडले, मग चिडायचे थांबले, आणि मग कुणी बेसूर ओरडला तर त्याला सुधारू लागले. पलीकडचा मात्र घशाला गरम पाणी घ्यायला लागला. गायक झाल्यापासून माणूस बिघडला, असं त्याची बायको म्हणे.

एका दुपारी मास्तर नवा पांढरा शर्ट घेऊन आले. मामीनं तो टेबलावर पसरला. मामा जेवून बाकावर पडले होते. इस्त्री कॉलरपाशी आली, आणि मामीचा हात थबकला. मागून आवाज आला होता. आधी बारीक, किलकिला, दार ढकलून पाहावं तसा. मग थांबला. मग श्वास भरला गेला, आणि कपाटावरची डबी हलली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय मामी, गिरणी सुरू झाली वाटतं?"

"झाली," मामी म्हणाली. "पण आता दोन दमांत दळते." आणि डोळे पुसायला तिनं मास्तरांचाच शर्ट उचलला होता, तो वेळीच खाली ठेवला.

तळावर भोंगा वाजला तसे मामा उठले. तोंडावर पाणी मारलं. दोराचं वेटोळं त्यांनी खुंटीवरून काढलं आणि उजव्या खांद्याकडे नेता नेता डाव्यावर घेतलं. उजवी बाजू अजून कुरकुरायची.

"मास्तर, शर्टाकडे लक्ष ठेवा," ते म्हणाले. "हिचा भरवसा नाही." आणि पायरी उतरून निघाले.

आता ते उजवीकडे कलून चालत होते. नळापाशी पोचले तेव्हा थांबले, बरगडीवर हात ठेवला, आणि उभ्या उभ्या एक मोठा श्वास घेतला. नळावरच्या बाईनं काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि ती हसली. मग ते पुढं चालू लागले, घाई न करता, गल्लीच्या कडेकडेनं, सावली-सावलीतून. कोपऱ्यावर त्यांचा खांदा वळला, मग दोर वळला, मग नुसती दोराची एक मोकळी शेपटी दिसत राहिली.

मामी दारात बघत उभी होती. बघण्याच्या नादात कॉलरवर विसरलेली इस्त्री मास्तरांनी हळूच उचलून बाजूला ठेवली, आणि तेही बघत उभे राहिले.